कपाटाला दोन कुलपं

सोमनाथ गलांडे सरांचा शेजाऱ्यावर विश्वास नव्हता, भावकीवर नव्हता आणि सकाळच्या सत्रावर तर मुळीच नव्हता. पहिल्या दोन गोष्टी त्यांना वारशानं मिळाल्या होत्या. तिसरी मात्र स्वकष्टाची कमाई.

वारसा असा. वैजापूरच्या पुढं त्यांच्या गावी गलांड्यांची एक सामायिक विहीर आहे. आजोबा गेल्यावर ती दोन मुलांत निम्मी-निम्मी झाली. विहीर निम्मी कशी करायची हा प्रश्न तलाठ्याला पडला नाही. त्यानं सातबाऱ्यावर लिहून टाकलं आणि तो चहाला गेला. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. काही दिवस थोरल्या घराचे, काही धाकट्या घराचे. सोमनाथ धाकट्या घरचा. थोरल्या घरचा चुलतभाऊ काकासाहेब. थोरल्या घराची पाळी संपली तरी त्यांची मोटर थांबायचं नाव घ्यायची नाही. विचारलं तर काकासाहेबाचे वडील म्हणत, "अरे, ध्यानातच राहिलं नाय." वर्षानुवर्षं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. शेवटी सोमनाथच्या वडलांनी मोटरच्या स्टार्टरपेटीला कुलूप घातलं. चुलत्यानं त्यावर आपलं दुसरं घातलं. आता दोन्ही किल्ल्या एका वेळी बांधावर आल्याशिवाय मोटर चालू होईना, आणि दोन्ही किल्ल्या एका वेळी बांधावर आल्या की काठ्या निघत. त्या साली दोन्हीकडचा कांदा जागेवर वाळला. "आपला गेला, पण त्याचाबी गेला," असं वडील सांगायचे तेव्हा त्यांच्या तोंडावर सुगी दिसायची.

सोमनाथ सरांनी गाव सोडलं ते याला कंटाळून. शहरात ज्याचं त्याचं असतं, सामायिक असं काही नसतं, अशी त्यांची समजूत होती. भूगोलाच्या शिक्षकाला ती शोभणारी नव्हती.

शहरातल्या गारखेडा भागात ज्या अनुदानित शाळेत ते लागले, तिची इमारत एक आणि सत्रं दोन. पाचवी ते सातवी सकाळी, आठवी ते दहावी दुपारी. सकाळचे शिक्षक जिना उतरताना आणि दुपारचे चढताना एकमेकांना भेटत, तेवढाच काय तो संबंध. डस्टर कुणी नेलं, नकाशाची दांडी कुणी मोडली, फळ्यावरचा सुविचार कुणी पुसला, एवढ्यावर तो तग धरून होता. सकाळच्या सत्राची धुरा दमयंती सेलूकर यांच्याकडं. त्यांना 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. 'बाई' म्हणावं लागे. पणजोबांपर्यंत भिक्षुकी, आजोबा कारकून, वडील कचेरीत हेडक्लार्क, अशा घरातल्या त्या. पूजा कमी होत गेली तरी सोवळं घरात राहिलं होतं. देवाची भांडी गेली, मग ते दस्तऐवजांना लागलं. बाईंनी ते शाळेत आणलं. खडूची पेटीसुद्धा त्या दोन बोटांनी उचलत.

दुपारचं सत्र सोमनाथ सरांकडं होतं. मुख्याध्यापक सदाशिव सर या दोघांच्या मध्ये बसत. "तुम्ही आपसात ठरवा" या एका वाक्यावर त्यांनी आजवर शाळा चालवली होती.

अशा या शाळेला वाळूजच्या एका कारखान्यानं आपल्या सामाजिक निधीतून तीस टॅब दिले. सोबत एक लोखंडी कपाट. आतच चार्जिंगची सोय, आतच बटण. कारखान्याकडून हिमानी नावाची एक तरुणी आली होती. तिनं छोटंसं भाषण केलं. "हे टॅब कुठल्या एका वर्गाचे नाहीत. हे सगळ्यांचे आहेत."

'सगळ्यांचे' हा शब्द ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. सोमनाथ सरांनी मागं वळून बघितलं. दमयंती बाईंनी कपाटाची किल्ली एव्हाना पर्समध्ये टाकली होती.

बाईंनी टॅब सोवळ्यात घेतले. पोरांनी आधी नळावर हात धुवायचे, मग ते पुसायचे, मग बाईंना दाखवायचे, मगच टॅब मिळायचा. तास चालू असताना बाई स्वतः रांगेतून फिरत आणि काचेवर बोटाचा ठसा दिसला की ज्याचं बोट त्याला बाहेर काढत. जुन्या रेशमी पातळाची अंगडी त्यांनी घरी बसून टॅबांना शिवली. तास संपला की ओल्या फडक्यानं पुसून, अंगडं चढवून, काच भिंतीकडं करून त्या टॅब कपाटात ठेवत. या सगळ्यात शिकवायला वेळ थोडा उरे, पण टॅब नव्यासारखे राहिले, हे कुणालाही कबूल करावं लागलं असतं.

सोमनाथ सरांनी ते कबूल केलं नाही. एकदा जिन्यात बाई म्हणाल्या, "गलांडे सर, तुमची मुलं वडापाव खाऊन येतात हो. त्याच हातांनी टॅब धरतात. जरा बघत जा."

"पोरांच्या हाताला काय झालंय बाई?"

"मी हात स्वच्छ असावेत एवढंच म्हणतेय."

बाई हाताचं बोलल्या का आणखी कशाचं, हे सोमनाथ सरांनी विचारलं नाही. उत्तर काही आलं असतं तरी भांडण ठरलेलं होतं.

त्यांनी गावची रीत काढली. पाळी आपली आहे ना, मग तळ दिसेपर्यंत उपसायचं. भूगोलाच्या तासाला ते ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीनं टॅब काढत, इतिहासाच्या तासाला काढत, कुणी शिक्षक रजेवर असला तर त्याच्याही तासाला काढत. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवायचा, आवाज पूर्ण ठेवायचा. शेवटच्या तासाला काही नसलं तर पोरं आल्प्स पर्वतावरून नुसती भिरभिरत. शाळा सुटताना तिसाच्या तीस टॅबांत जीव नसे. चार्जिंगचं बटण दाबायचं काम सोमनाथ सरांच्या ध्यानात राहत नसे. हे कुणासारखं झालं, असा विचार त्यांच्या मनात एकदा आला. त्यांनी तो येऊ दिला आणि जाऊही दिला.

सकाळी बाई कपाट उघडत तेव्हा आत रेशमी अंगड्यांतली तीस मढी.

मग बाईंनी टॅबांना कुलपाचा नमुना घातला. पडद्यावर नऊ ठिपके येतात, त्यांच्यावरून बोटानं रेघ ओढायची. बाईंनी रोज दारात काढायच्या रांगोळीचीच रेघ घातली. ती दुपारच्या पोरींनी दुसऱ्या दिवशी हुडकली. नववीतली संस्कृती म्हणाली, "सर, ही तर आमची आजी पण काढते." सोमनाथ सरांनी मग पंधरा टॅबांना स्वतःचा नमुना घातला, गलांड्यातला 'ग'. बाईंनी उरलेल्या पंधरांना नवा घातला, रांगोळीत कुठंच न सापडणारा. वाटणी झाली. पंधरा त्यांचे, पंधरा यांचे, कपाट एक.

यानंतर काय व्हायचं ते गावात लहान पोरालाही सांगता आलं असतं. नवरात्रात बाईंनी कपाटाचं कुलूप बदलून नवं घातलं. सोमनाथ सर दुपारी आले, त्यांनी नव्या कुलपाकडं बघितलं, ते चौकातल्या दुकानात गेले आणि कडीत आपलं दुसरं कुलूप अडकवून वर्गावर आले. त्या दिवशी त्यांनी सह्याद्रीच्या रांगा अगदी रंगून शिकवल्या.

कपाट उघडायचं तर दोघं हजर पाहिजेत, आणि दोघं हजर फक्त सत्र बदलायच्या त्या थोड्या वेळात. पहिल्या दिवशी दोघं कपाटापाशी आले.

"काढा तुमचं," बाई म्हणाल्या.

"आधी तुमचं काढा."

"माझं आधी घातलेलं आहे. तुमचं वर आहे. वरचं आधी निघतं."

"व्हय का? मग खालचं काढून दाखवा, मग वरचं काढतो."

घंटा झाली. बाई घरी गेल्या, सर वर्गावर गेले. हे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चाललं. सुट्टी लागायच्या दिवशी संस्कृतीनं विचारलं, "सर, आत बटण चालू राहिलंय. बाहेरून दिवा दिसतोय. सुट्टीभर चार्जिंगला राहिले तर बॅटऱ्या फुगतील ना?"

"बटण मी लावलं का?"

"नाही सर."

"मग जा घरी. फराळ कर."

दिवाळीत गावी एका साखरपुड्यात सोमनाथ सरांची काकासाहेबाशी गाठ पडली. काकासाहेब आता जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता. गळ्यात उपरणं, खिशात दोन फोन.

"या मास्तर," तो म्हणाला. "लई दिवसांनी पायधूळ झाडली. शहरात पाणी येतं का आठवड्यातून एकदा तरी?"

"येतं. पाळीनं येतं. पण तिथं कुणी मोटर चालू ठिवून इसरत नाय."

आजूबाजूचे पाहुणे हसले. काकासाहेबही हसला. सोमनाथ सरांना तिथंच थांबता आलं असतं. पण हशा झाला की माणसाला पुढं जायची हाव सुटते.

"आमच्या शाळेत तीस टॅब हायेत," ते म्हणाले. "तुमच्या शाळेत खडू तरी हाय का?"

"टॅब? चालू हायेत व्हय?"

"कशाचे चालू! एक बाई हाय सकाळची. जणू देव्हाऱ्यातल्या मूर्ती! हात लावू देत नाय कुणाला. पण म्याबी कुलूप घातलंय. महिना झाला, एकसुदिक टॅब भाईर आला नाय. ना तिच्याकडं, ना माझ्याकडं." हे सांगताना सोमनाथ सरांच्या तोंडावर सुगी होती.

काकासाहेब या वेळी हसला नाही. त्यानं पान जमवलं, चुना लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोन्त्या कंपनीनं दिले म्हनला?"

सोमनाथ सरांनी सांगितलं. हिमानी मॅडमचं नावसुद्धा सांगितलं. आपली ओळख किती वरपर्यंत आहे हे भावकीला कळायला नको का?

सुट्टी संपल्यावर सदाशिव सरांनी सत्र बदलायच्या वेळी दोघांना खोलीत बोलावलं. चेहरा असा, की 'आपसात ठरवा' हे वाक्य आज उपयोगी नाही हे त्यांना कळलेलं दिसत होतं.

"कारखान्याच्या मॅडमचा फोन होता," ते म्हणाले. "दुसऱ्या एका शाळेनं टॅब मागितलेत. आपल्याकडं वापरात नाहीत असं त्यांना कळलंय. त्या बुधवारी येऊन बघणार. वापरात दिसले तर इथंच राहतील, नाही तर जातील. आणि त्यांना दोन माणसं नकोत. ज्यांच्या वर्गात चालताना दिसतील, कपाट कायमचं त्यांच्याकडं."

"किती वाजता येणार?" दोघांनी एकदम विचारलं. एकदम काही करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"ते नाही बोलल्या."

बाहेर येताच बाई म्हणाल्या, "तुमची किल्ली ऑफिसात ठेवा. म्हणजे कुठल्याही सत्रात आल्या तरी अडचण नको."

"तुमची ठिवा. मग माझी ठिवतो."

"आधी तुमची."

दोन्ही किल्ल्या आपापल्या घरी गेल्या.

सोमनाथ सरांनी दुपारची तयारी केली. नववीचा पाठ ठरवला, गोदावरीचं खोरं. पोरांकडून दोनदा बसवून घेतला, टॅबांशिवायच. हवेत बोटं फिरवून. कपाट आपल्याकडं आलं की बाईंचं कुलूप कुठल्या हातोडीनं काढायचं, हेही त्यांनी ठरवलं होतं. गावच्या विहिरीवर जे वडलांना जमलं नव्हतं, ते इथं होणार होतं. अख्खं पाणी एका घराला.

बुधवारी सकाळी पुंडलिकनगरातल्या त्यांच्या गल्लीत नळ आला. हा आठवड्यानं येणारा पाहुणा. त्याच्या दिवशी या शहरात लग्नं सोडून बाकी सगळं थांबतं. सोमनाथ सर लुंगीवर गच्चीत उभे होते, हातात पाइप. फोन वाजला.

"गलांडे सर, सेलूकर बोलतेय. कंपनीच्या मॅडम आल्यात. तुमची किल्ली हवीय."

सोमनाथ सरांनी पाइप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "नळ आलाय बाई."

"मग कुणाच्या हाती पाठवा."

"द्वारकाबाईला पाठवा तुमीच." द्वारकाबाई म्हणजे शाळेची शिपाई.

"द्वारकाबाई आज आलेली नाही. तिच्याकडंही नळ आलाय."

"मग कळलं का, नळ म्हंजे काय असतं ते!"

फोनमध्ये बाईंच्या मागं सकाळच्या पोरांचा गलका ऐकू येत होता. सगळ्यांनी हात धुतलेले असणार.

"मी कुलूप तोडते," बाई म्हणाल्या.

"तोडा की. पाव्हण्यासमोर तोडा. शोभंल."

"सर." बाईंचा आवाज खाली आला. "नाही उघडलं तर टॅब जातील. माझे एकटीचे नाही, तुमच्या मुलांचेही जातील."

हे मात्र सोमनाथ सरांना लागलं. हवेत बोटं फिरवणारी नववी त्यांना दिसली. किल्ली खाली शर्टाच्या खिशात होती. स्कूटर दारात होती. पाइप टाकीत सोडला तरी भरण्यासारखा होता. पण किल्ली नेली, की पाठ बाईंचा होणार. रेशमी अंगडी निघणार, धुतलेले हात दिसणार, मॅडम खूष होणार, आणि कपाट कायमचं सकाळकडं. हे त्यांनी एका दमात बघून घेतलं. तरी ते म्हणणार होते, की बरं, येतो.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्हा लोकांना काही सांगण्यात अर्थच नसतो."

सोमनाथ सरांनी फोन बंद केला.

जिन्यात त्यांची बायको तनुजा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "टाकी म्या भरते," ती म्हणाली. "जावा, देऊन या किल्ली."

"पाइप धरता येतो का तुला?"

"टॅब गेले म्हंजे?"

"गेले तर गेले. तिचेबी जातील की."

तनुजानं सासऱ्यांना बघितलं होतं. तिनं पाइप घेतला आणि बादली सरकवली.

सोमनाथ सर त्यांच्या रोजच्या वेळेला शाळेत पोचले, एक मिनिट अलीकडं नाही की पलीकडं. हिमानी कपाटासमोर खुर्ची टाकून बसली होती. सकाळपासून तिला तीनदा चहा झाला होता. सदाशिव सर खिडकीतून बाहेर बघत होते, जणू खिडकीबाहेर त्यांची बदली मंजूर होत होती.

"आता दोघंही आहात," हिमानी म्हणाली. "उघडा."

वरचं आधी का खालचं आधी, यावर पुन्हा थोडं झालं. मग कपाट उघडलं. आतून गरम वाफ आली. अर्धे टॅब रेशमात, अर्धे उघडे. दिवाळीभर चार्जिंगला राहून पाच-सातांची पाठ फुगलेली. रेशमातले जास्त फुगले होते. अंगड्यात ऊब चांगली राहते. हिमानीनं एक टॅब उचलून जवळ उभ्या असलेल्या सहावीतल्या पोरीला दिला. "उघड बरं."

पोरीनं पाठीमागं वळून आधी बाईंकडं बघितलं, मग सरांकडं. "हा आपला नाही," ती म्हणाली, आणि टॅब परत दिला.

हिमानीनं कुणाला दोष दिला नाही. ती आवाजही न चढवता म्हणाली, "गाडी खाली उभी आहे. आजच नेते."

"कुठं जाणार ते?" सोमनाथ सरांनी विचारलं.

तिनं त्यांच्याच गावचं नाव घेतलं. "तिथल्या समितीचे अध्यक्ष फार मागं लागले होते. काकासाहेब गलांडे. तुमचेच कुणी का?"

"आडनावबंधू," सोमनाथ सर म्हणाले.

टॅब गेले. तीन दिवसांनी काकासाहेबाचा फोन आला. "मास्तर, एकबी टॅब उघडंना. ती रेघ कशी काढायची ते सांगा की जरा."

"माझ्या काय ध्यानात राहिलं नाय बघ."

"अन् त्या बाई? त्यांना इचारा की."

बाईंना विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याच थांबल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच थांबल्या होत्या.

"तुमच्या त्या भावाचा मलाही फोन आला होता," त्या म्हणाल्या. "सांगितलंत तुम्ही?"

"नाय."

"मीही नाही."

दोघं क्षणभर एकाच पायरीवर उभे राहिले. मग बाई खाली गेल्या आणि सर वर. कारखान्याच्या माणसानं तासाभरात सगळ्या टॅबांतली रेघ पुसून ते नवे करून दिले आणि फुगलेल्यांच्या बॅटऱ्या बदलल्या, ही गोष्ट वेगळी. त्याच आठवड्यात भावकीच्या ग्रुपवर काकासाहेबानं फोटो टाकला. झाडाखाली बसलेली पोरं, मांडीवर टॅब, काहींचे हात मातीचे. खाली लिहिलं होतं, 'सोमनाथ मास्तरांच्या कृपेनं.' सोमनाथ सरांनी फोटो मोठा करून बघितला. मग ते ग्रुपमधून बाहेर पडले.

रिकामं कपाट नकाशे ठेवायला मिळावं म्हणून सदाशिव सरांनी दोघांकडं किल्ल्या मागितल्या. दोघांनीही दिल्या नाहीत. कपाट अजून तिथंच आहे. सकाळी बाई येतात, आपलं कुलूप ओढून बघतात. दुपारी सर येतात, आपलं ओढून बघतात. वरचं ओढून झालं की खालचंही एकदा ओढतात.